चारीच्या शेवटापर्यंत
(दहावी 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला फोन करून सांगितलं, "तू कॉम्प्युटरमध्ये नक्की काय करतेस ते सांग. कोणाला माहीत नाही." मी म्हटलं, माझ्या सासूबाईंनाही माहीत नाही, त्यामुळे तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. पण वीस मिनिटं दिलीत, तर आज सांगूनच टाकते. आपल्या गावाचं नाव कळस. मी मात्र आयुष्यभर पायातलं काम केलं. वरून कोणाला दिसत नाही असं.

दहावीचा निकाल आठवा. आपल्या वेळी निकाल शाळेत यायचा आणि सर एकेकाला बोलावून गुणपत्रिका हातात द्यायचे. आता दुपारी 1 वाजता निकाल इंटरनेटवर येतो. राज्यात पंधरा लाखांवर मुलं दहावीला बसतात, आणि मुलाबरोबर आई, मामा, आत्या सगळेच मोबाईलवर बोट ठेवून बसलेले असतात. एवढी माणसं एका क्षणी एका कॉम्प्युटरकडे गेली तर तो कोलमडणारच. म्हणून मागे पुष्कळ कॉम्प्युटर ठेवतात, त्यांना सर्व्हर म्हणतात. आणि पुढे एक यंत्र उभं असतं, जे आलेल्या प्रत्येकाला सांगतं, तू या सर्व्हरकडे जा, तू त्या सर्व्हरकडे जा. एखादा सर्व्हर बंद पडला तर त्याच्याकडे कोणाला पाठवत नाही. या यंत्राला लोड बॅलन्सर म्हणतात. भार वाटून देणारा. बँक, रेल्वेचं तिकीट, गॅसचं बुकिंग, सगळीकडे तो मध्ये असतो. गेली बरीच वर्षं मी तो सांभाळते.

पुण्यातल्या मुलांना हे शिकवताना मला फळ्यावर आकृत्या काढाव्या लागतात. इथे गरज नाही. इथे सगळ्यांनी पाणी वाटलेलं बघितलंय.

आपला तालुका दोन कालव्यांच्या शेपटाला आहे. एक नीरा डावा कालवा. तो वीरहून निघतो, पुरंदर, बारामती करत इंदापुरात येतो. इंग्रजांच्या काळात, 1876 च्या दुष्काळानंतर त्याची उभारणी झाली. दुसरा खडकवासल्याचा. ते पाणी आधी पुणे शहर पितं, मग हवेली, मग दौंड आणि राहिलं तर आपण. विश्वेश्वरय्या म्हैसूरला जाण्याआधी पुण्याला पाटबंधारे खात्यात होते, तेव्हा दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. वरच्या मोजक्या गावांनीच ऊस लावून पाणी संपवू नये, म्हणून पाणी गावोगावच्या ठरलेल्या ब्लॉकमध्ये वाटायचं, ब्लॉकच्या काही भागातच ऊस, बाकी हंगामी पिकं, आणि पीक फिरवत राहायचं. आमच्या धंद्यात यालाच लोड बॅलन्सिंग म्हणतात. मी इंजिनिअरिंगला गेल्यावर हे शिकले, पण खरं म्हणजे आवर्तन, पाळी, पाटकरी आणि रात्रीची दारं धरणं हे बघत आपण सगळेच मोठे झालो.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एका मोठ्या लोड बॅलन्सरवर वर्षानुवर्षांची अडगळ साठली होती. सर्व्हरच्या एका गटाला आम्ही पूल म्हणतो. जुने, कोणी वापरत नाही असे वाटणारे पूल काढून टाकायचं काम माझ्याकडे आलं. मी निष्काळजीपणा केला असं नाही. प्रत्येक पुलाचं नाव घेऊन सगळ्या मांडणीत शोधलं, दुसरं कोणी त्याचा उल्लेख करतंय का. मग मागच्या सात दिवसांचा आलेख बघितला, त्यातून काही जातंय का. अकरा पूल असे सापडले की ज्यांचा कुठे उल्लेख नाही आणि ज्यांच्यातून सात दिवसांत काही गेलेलं नाही. जानेवारीतल्या एका शनिवारी रात्री मी ते अकराही काढून टाकले. सकाळपर्यंत थांबले. सगळं सुरळीत. साहेबांनी शाबासकी दिली.

फेब्रुवारीच्या पहिल्या कामाच्या दिवशी सकाळी दहा-सव्वादहाला फोन आला.

अकरापैकी दहा खरंच मेलेले होते. अकरावा जिवंत होता. तो महिन्यातून चार-पाच दिवसच वापरला जायचा. खेडोपाडी बँकेचे प्रतिनिधी हातातलं छोटं मशीन घेऊन बसतात ना, अंगठा लावून पैसे देतात, त्यातली जुनी मशीनं या रस्त्याने यायची. आणि त्यांची मुख्य गर्दी महिन्याच्या सुरुवातीला, पेन्शन काढायला. मी बघितलेला आठवडा महिन्याच्या मधला होता. तेव्हा ती चारी कोरडी होती.

मग नाव शोधून का सापडलं नाही? तर फार पूर्वी कोणीतरी एक नियम लिहून ठेवला होता. तो आलेल्या मशीनचा नंबर बघायचा, त्यातली पहिली अक्षरं घ्यायचा, त्याला पुढे एक शब्द जोडायचा, आणि तयार होईल त्या नावाच्या पुलाकडे पाठवायचा. म्हणजे त्या पुलाचं पूर्ण नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते त्या क्षणी तयार व्हायचं. मी पूर्ण नाव शोधत होते. यंत्रानेही मला अडवलं नाही, कारण त्याच्या हिशेबी तो पूल कोणालाच जोडलेला नव्हता.

दुरुस्त व्हायला अडीच तासांवर वेळ गेला. शनिवारची पूर्ण प्रत होती, पण ती जशीच्या तशी परत चढवली असती तर मधल्या दिवसांत इतरांनी केलेले बदल पुसले गेले असते. हवी होती फक्त त्या एका पुलातल्या सर्व्हरची यादी, आणि ती मी वेगळी लिहून ठेवली नव्हती. शेवटी आमच्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याच्या वहीत ती सापडली. तो नियमही त्याला आठवत होता. त्याला मी आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. तो माझ्यापासून चार खुर्च्या सोडून बसायचा.

अहवालात त्याला "अयशस्वी व्यवहार" म्हणतात. मला मात्र त्या दिवशी आपल्याकडची रांग दिसत होती. सकाळी लवकर आवरून, डोक्यावर पदर घेऊन, हातात पासबुकाची पिशवी घेऊन आलेल्या बायका. अंगठा लागत नाही म्हटल्यावर पदराला पुसून पुन्हा लावणाऱ्या. अंगठ्यात काहीच दोष नव्हता. पण त्यांना वाटलं असणार, आपलाच झिजलाय.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मला आमची चारी आठवली.

ही गोष्ट सांगायला मी दोघांची परवानगी घेतली आहे. एक माझे वडील, अण्णा. दुसरी आपल्यातलीच एक मैत्रीण, ती समोर बसली आहे. ती म्हणाली, "सांग की. लपवायचं काय त्यात? पण म्हैस दुभती होती, तेही सांग."

आपण प्राथमिक शाळेत होतो. आमच्या रानाला जायला लांबून वळसा पडायचा. मध्ये एक चारी आडवी होती. दोन हंगाम तिला पाणी आलेलं नव्हतं, तळाला कुसळं उगवली होती. उसाची ट्रॉली न्यायची घाई होती. अण्णांनी दोन खेपा मुरूम टाकून ती बुजवली आणि वाट केली. कोणाचं वाईट करायचं मनात नव्हतं. चारी मेली आहे, हे त्यांना रोज दिसत होतं.

उन्हाळ्यात आवर्तन सुटलं. पाटकऱ्याने दार उघडलं. पाणी मुरमाशी आलं, फुगलं आणि आमच्याच रानात पसरलं. मुरूम उकरून काढेपर्यंत पाळी संपली होती. पुढच्या पाळीपर्यंत टेलच्या रानातला चाऱ्याचा मका वाळून गेला. ते रान या मैत्रिणीच्या वडिलांचं होतं. चारा संपला, त्यांनी म्हैस विकली. दुभती होती. आणि आमच्या दोन घरांचं बोलणं पुढे बरीच वर्षं बंद होतं. आम्ही दोघी वर्गात एका बाकावर बसायचो आणि रस्त्यात एकमेकींना ओळख देत नव्हतो.

अण्णा त्या चारीवरून रोज दोनदा जायचे. पण ती पुढे कुठे जाते, हे बघायला अर्धा किलोमीटर चालत गेले नाहीत. मी तेच केलं. फरक एवढाच की अण्णांकडे फावडं होतं.

मोठमोठ्या कंपन्यांत हे होत नाही असं समजू नका. 24 डिसेंबर 2012 ला, नाताळच्या आदल्या दिवशी, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या उत्तर व्हर्जिनियाच्या क्लाउड केंद्रांत देखभालीचं एक काम चुकून चालू यंत्रणेवर केलं गेलं. त्यात लोड बॅलन्सरांच्या नोंदींचा काही भाग पुसला गेला. गंमत अशी की पहिल्यांदा फार काही बिघडलं नाही. जे चालू होते ते चालत राहिले. नवे लोड बॅलन्सर तयारही करता येत होते, त्यामुळे काय बिघडलंय हे तिथल्या लोकांना लवकर कळेना. पण चालू असलेल्यांत यंत्रणा बदल करायला गेली, की नोंदी नसल्याने ते चुकीचे मांडले जायचे. सर्वांत वाईट वेळी 6.8 टक्के लोड बॅलन्सर बाधित होते. त्या संध्याकाळी अमेरिकेत कित्येक घरांत नेटफ्लिक्स बंद होतं. दुसऱ्या दिवशी सगळं रुळावर आलं. त्यानंतर ॲमेझॉनने नियम केला की रीतसर मंजुरीशिवाय त्या नोंदींना कोणी हात लावायचा नाही.

आणि 4 ऑक्टोबर 2021 ची रात्र तर तुम्हाला आठवत असेल. आपला व्हॉट्सॲप ग्रुप नऊनंतर एकदम गप्प झाला. सगळ्यांना वाटलं, आपलाच रिचार्ज संपला. फेसबुकच्या नेहमीच्या देखभालीत दिलेल्या एका आज्ञेने त्यांच्या केंद्रांना जोडणारं जाळंच तुटलं. अशी चुकीची आज्ञा अडवायला एक तपासणी होती, पण तिच्यातच दोष होता. दुरुस्ती करायची साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, म्हणून माणसांना प्रत्यक्ष केंद्रात जावं लागलं. विहिरीत पडलेला दोर काढायला तोच दोर लागावा, तशी गत.

त्या फेब्रुवारीनंतर मी कामाची रीत बदलली. ती साधी आहे, आणि आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मुला-मुलीला मी ती आधी शिकवते.

पहिलं, दोन्ही दिशांनी चालायचं. एखाद्या गोष्टीला हात लावण्याआधी तिच्या वर कोण आणि खाली कोण हे कागदावर काढायचं. वरून म्हणजे लोक जे नाव टाइप करतात ते, त्या नावामागचा पत्ता, त्यावरचं सुरक्षेचं प्रमाणपत्र, मग वाटणीचे नियम, मग पूल, मग त्यातले सर्व्हर, आणि सर्व्हर जिवंत आहे का हे बघणारी तपासणी. यातली एकच तपासणी बदलली आणि ती पाच पुलांना लागू असली, तर पाचही बदलतात. आणि खालूनही वर यायचं, कारण खालचा सर्व्हर कधी कधी आणखी चौघांना पाणी देत असतो.

दुसरं, बाहेरच्या लोकांनी आपला पत्ता कुठे लिहून ठेवलाय ते बघायचं. कोणी आपल्या फाटकावर "या पत्त्यावरून आलेल्यालाच आत सोडा" असं लिहिलेलं असतं. आपण पत्ता बदलला तर आपल्याकडे काही बिघडत नाही. त्याचं फाटक बंद होतं.

तिसरं, पूर्ण वर्तुळ बघायचं. आठवडा नाही, महिना. शक्य असेल तर मार्चअखेर आणि दिवाळीसुद्धा. कोरडी चारी मेलेली आहे की आवर्तनाची वाट बघते आहे, हे एका आठवड्यात कळत नाही.

चौथं, माणसांना विचारायचं. ज्याने ते बांधलं त्याला, आणि जो रोज वापरतो त्याला. यंत्राला माहीत नसतं ते वहीत असतं, वहीत नसतं ते पाटकऱ्याला माहीत असतं.

पाचवं, काढायचं नाही, आधी बंद करायचं. नवे लोक पाठवणं थांबवायचं, जे आत आहेत त्यांचं काम पुरं होऊ द्यायचं, आणि मग एक पूर्ण महिना तसंच ठेवायचं. कोणी ओरडलं तर एका मिनिटात दार उघडता आलं पाहिजे. ते कसं उघडायचं हे बदल करायच्या आधी लिहून ठेवायचं, नंतर नाही.

यात हुशारी काहीच नाही. वेळ मात्र लागतो. वरिष्ठ विचारतात, एवढ्याशा कामाला तीन आठवडे कशाला? तेव्हा मी त्यांना चारीची गोष्ट सांगते. म्हशीसकट.

आता शेवटचं, आणि हे आपल्या सगळ्यांच्या कामाचं. आपली तुकडी शाळेला पाण्याची नवी टाकी देते आहे. ठराव झालाय, पैसे जमलेत, जुनी टाकी आणि तिची पाइपलाइन काढून टाकायची असंही ठरलंय. काल संध्याकाळी मी लवकर आले होते, तेव्हा शाळेच्या शिपाई मामांना घेऊन जुन्या लाइनच्या कडेने चालत गेले. आपल्याला वाटतंय ती फक्त पिण्याच्या नळांना जाते. मामांनी दाखवलं, भिंतीपाशी तिला एक फाटा आहे. तो मुलींच्या स्वच्छतागृहाला जातो, आणि तिथून पुढे पलीकडच्या अंगणवाडीला. कागदावर तो कुठेच नाही. सुट्टीत लाइन काढली असती तर जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंत कोणाला कळलं नसतं. आणि जूनमध्येही मुलींनी कोणाला सांगितलं असतं की नाही, मला शंका आहे. आपण सांगितलं असतं का?

म्हणून माझी विनंती आहे. नवी टाकी आधी बसवू. तो फाटा नव्या लाइनला जोडू. जुनी लाइन व्हॉल्व्ह बंद करून एक सत्र तशीच ठेवू. मग दिवाळीच्या सुट्टीत काढू. जास्तीच्या पाइपचा खर्च मी आणि माझी ती मैत्रीण निम्मा-निम्मा करणार आहोत. हे आमचं काल रात्रीच ठरलं.

आणि बाई, तुम्ही आम्हाला गणितात उत्तर आल्यावर उलटा ताळा करून बघायला लावायच्या, तेव्हा आम्ही कंटाळायचो. त्या शनिवारी रात्री मी ताळा अर्धाच केला होता. आता पूर्ण करते.